मुक्तीचा मुहूर्त

परदेशातील एखाद्या जुलमी सत्ताधीशाला, त्याच्याच प्रजेच्या कल्याणार्थ, बाहेरच्या फौजांनी पदच्युत करावे की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे अशी एक भाबडी समजूत विद्वज्जनांत प्रचलित आहे. वस्तुतः तो ज्योतिषाचा आहे. जुलूम किती झाला याला महत्त्व नाही. तो कोणत्या तिथीस झाला, त्या वेळी जुलूमकर्त्याचे वॉशिंग्टन व लंडन या बलवत्तर ग्रहांशी कसे योग होते आणि त्याच्या भूमीच्या उदरात काय दडले आहे, एवढे पाहिले की मुक्तीचा मुहूर्त बिनचूक निघतो.

सद्दाम हुसेनची कुंडली या दृष्टीने मननीय आहे. इराणशी चाललेल्या युद्धात इराक विषारी वायू वापरीत असल्याच्या खबरा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दप्तरी दाखल झालेल्या असतानाच, डिसेंबर १९८३ मध्ये, अध्यक्ष रेगन यांचे खास वकील डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादेस गेले आणि त्यांनी सद्दामशी सस्मित हस्तांदोलन केले. पुढे मार्च १९८८ मध्ये इराकमधील हलाब्जा या कुर्द गावी विषारी वायूने सुमारे ५ हजार माणसे मारली, तेव्हा याच खात्याने इराणकडेही बोट दाखवून अपराधाची विभागणी केली. सशस्त्र हस्तक्षेपाचे निःशंक समर्थन करता येईल असा एखादा दिवस असेलच, तर तो हाच होता. परंतु ग्रह अनुकूल नव्हते.

ते २००३ साली अनुकूल झाले, आणि पंधरा वर्षे बेवारस पडलेल्या हलाब्जाच्या मृतांना एकाएकी वारस लाभले. ५ फेब्रुवारी रोजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे एक इवलीशी कुपी उंचावून जगाला भयभीत केले. मार्चमध्ये सैन्य घुसले. आणि ज्या संहारक शस्त्रसाठ्यांसाठी हा खटाटोप झाला ते अस्तित्वातच नव्हते, असा निर्वाळा अमेरिकेच्याच शोधपथकाने पुढल्या वर्षी दिला. मुक्त झालेल्या बगदादेत राष्ट्रीय संग्रहालयातील सुमारे १५ हजार वस्तू लुटारूंनी लांबविल्या, तेल मंत्रालयावर मात्र चोख पहारा होता. यावरून मुक्तिदात्यांना बंदोबस्त जमत नाही हा आक्षेप निराधार ठरतो. मे महिन्यात अमेरिकी कारभारी पॉल ब्रेमर यांनी एका हुकुमान्वये इराकी सैन्यच बरखास्त केले आणि लाखो शिपाई बंदूक जवळ, वेतन बंद, अशा अवस्थेत घरी धाडले. पुढे जे बंड माजले, त्याचे सर्वाधिक आश्चर्य ब्रेमरसाहेबांच्याच कचेरीस वाटले असावे.

बगदादकरांना हा सोहळा नवा नव्हता. मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश जनरल मॉड यांनीही, आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असा जाहीरनामा काढला होता. तत्पूर्वी त्याच मुक्तिकार्यात पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात उपासमारीने गलितगात्र होऊन, एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेल्या होत्या. आपल्या मावळ-कोकणच्या शिपायांना इराकच्या मुक्तीची एवढी तळमळ केव्हा लागली, याची नोंद कोणत्याही दप्तरात आढळत नाही. इंग्रजांचा अंमल मात्र पुढे १९३२ पर्यंत सुखेनैव चालला.

सद्दाम क्रूरकर्मा होता यात तिळमात्र संशय नाही, आणि त्याच्या पतनाने एखाद्या कुर्द मातेस समाधान लाभले असेल तर तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार आम्हांस नाही. युद्धविरोधकांचीही बाजू तितकी सोवळी नाही: फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनचे रस्ते व्यापून टाकणाऱ्या त्या विराट जनसमुदायापैकी किती जण १९८८ मध्ये हलाब्जासाठी घराबाहेर पडले होते, हा हिशेब कोणी मागत नाही हे त्यांचे भाग्य. एका पक्षाला मृतांचे स्मरण युद्धाच्या वेळी होते, दुसऱ्याला फक्त युद्धाचेच होते.

सबब, यापुढे ज्या प्रजेस मुक्ती अपेक्षित असेल तिने आपल्या अर्जासोबत, आपला हुकूमशहा सांप्रत कोणाच्या मर्जीतला आहे, याचा दाखला जोडावा. तो मर्जीतला निघाल्यास हताश होऊ नये. मृतांची यादी तेवढी नीट जपून ठेवावी. तो मर्जीतून उतरेल त्या दिवशी ती तातडीने मागविण्यात येईल.