आमच्या गाडीतलं मांजर

वहिनी, आज सकाळी शांत वाटलं की नाही? रोज साडेसहाला आमची मारुती किंचाळायची, आज गप्प! तुमचे अण्णा परवा ह्यांना विचारत होते म्हणे, गाडीत मांजर अडकलंय का. मांजर कसलं, फॅन बेल्ट! पावसाळी दमट हवा, त्यात पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. चावी फिरवली की पुलीवर नुसता घसरायचा. पाच मिनिटांनी आवाज थांबायचा, की हे म्हणणार, “चालतंय की!” असं दोन महिने चालवलं. कुणी सांगितलं म्हणून साबणाची वडीसुद्धा घासून झाली. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी दुप्पट बोंब.

शेवटी आमच्या मीनूनं टॉर्च घेऊन पट्टा जरा पिळून आतून बघितला. वरून काळा कुळकुळीत, आतल्या अंगाला मात्र थंडीत टाचांना पडतात तशा भेगा, आणि एके ठिकाणी धागे लोंबताहेत. गॅरेजवाल्यानं न बघताच फोनवर पाण्याचा पंपही बदलायला सांगितला. मग बापलेकीनं ठरवलं, घरीच करायचं.

आणि गंमत ऐका. नाव फॅन बेल्ट, पण आमच्या गाडीचा फॅन चालतो विजेवर! मामंजींच्या पद्मिनीत तो खरोखर पट्ट्यावर फिरायचा. वालचंदांच्या प्रीमियरची गाडी ती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घाटात पट्टा तुटला की बॉनेट उघडून बसा वाफ बघत. म्हणून ते डिकीत कायम एक जादा पट्टा ठेवायचे. मारुती 800 मध्ये तो पाण्याचा पंप आणि आल्टरनेटर फिरवतो. एसी असता तर त्याचा आणखी एक पट्टा. तेव्हा चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर ‘घरापर्यंत तर जाऊ’ म्हणून रेटायचं नाही हं. पट्टाच तुटला असेल तर पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन उकळतं.

तर काल, इंजिन गार असताना, मीनूनं आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे म्हणाले, “कशाला? गाडी बंदच आहे.” ती म्हणाली, “बाबा, आल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असली तरी करंट असतो. पाना टेकला तर ठिणग्या उडतील.” ह्यांनी पाना गुपचूप खाली ठेवला. मग दोन बोल्ट ढिले केले, एक आल्टरनेटर ज्यावर झुलतो तो आणि एक लांबट खाचेतला. काढायचे नाहीत, नुसते ढिले. आल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा परकराच्या नाडीसारखा सैल पडतो. नवा आणताना जुन्याचा नंबर जुळवून घेतला होता, त्यामुळे बसला झटकन.

खरी मारामारी पुढेच! पट्टा ताणायचा तर आल्टरनेटर बाहेर रेटून धरायचा आणि तेवढ्यात बोल्ट आवळायचा. ह्यांनी ताणला तो असा, की टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखा वाजेल. मीनूनं परत सोडायला लावला. जास्त ताणला तर आल्टरनेटरची आणि पंपाची बेअरिंग लवकर जातात म्हणे. दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्यानं जोरात दाबायचं, सेंटिमीटरभराच्या आतबाहेर दबला की पुरे. पुरुषमाणसाला हे पटायला पाऊण तास लागला. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा बघायचाय. आणि अण्णांना सांगा, टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हराच्या आत असतो, दात असलेला. उत्साहाच्या भरात त्याला हात लावू नका.

काय म्हणालात? आल्टरनेटर रेटायला काय वापरलं? अहो, तेच सांगायला आलेय मी कुंपणापाशी. माझं शिसवी लाटणं! आता त्याला वंगणाचा वास येतोय, दोनदा चिंच लावून घासलं तरी जात नाही. कणीक मळून ठेवलीय, जरा तुमचं लाटणं द्या बघू.