१३ ला जळगाव, २० ला धुळे

२०२४ च्या लोकसभेला निवडणूक आयोगाने खान्देशावर मोठी मेहेरबानी केली. जळगाव आणि रावेरचं मतदान १३ मे रोजी, धुळ्याचं २० मे रोजी. म्हणजे बिऱ्हाड जळगावात आणि जुनं नाव धुळ्यात, अशा माझ्यासारख्याला स्वतःचं नाव हुडकायला सरकारमान्य दोन तारखा मिळाल्या.

बदलीनंतर नमुना ८ रीतसर भरला होता, पोच फाइलला लावली होती. त्यामुळे १३ ला सकाळी सातलाच, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघं शाळेतल्या केंद्रावर हजर. लांब रस्त्याकडेला सगळे पक्ष एकाच कडुनिंबाखाली टेबलं मांडून बसलेले. सावली एकच असल्यामुळे मतभेद नव्हते. सगळ्या टेबलांवर हिची चिठ्ठी निघाली, माझी एकावरही नाही.

आत बाईंनी यादीवर पट्टी ठेवून ओळ दाखवली. हिचा फोटो, वय, आणि ‘पतीचे नाव’ या रकान्यात मी! आडनावाच्या वेलांटीसकट अचूक.

“म्हणजे मी आहे ना यादीत?”

“आहात काका, पण नवरा म्हणून. मतदार म्हणून नाही.”

“अहो, हे कार्ड बघा. ही पोच.”

“कार्ड ओळख पटवायला. मत यादीवर. धुळ्याला राहिलं असेल नाव, तिथलं मतदान व्हायचंय अजून.”

हिने मत दिलं आणि घरापर्यंत ते बोट पदराआड जाऊ दिलं नाही.

२० ला जळगावात कसली सुट्टी? रजा टाकली आणि धुळ्याची एसटी धरली. पाळधीपर्यंत उभाच. वरची दांडी धरलेल्या डाव्या हातांकडे लक्ष गेलं: नखानखावर आठवड्यापूर्वीची शाई. एरंडोल, पारोळ्याचेही शाईवालेच, कारण ते जळगाव मतदारसंघात. पारोळा सोडून जिल्हा बदलला आणि कोरी बोटं चढू लागली. तर्जनीवरून माणसाचा जिल्हा ओळखता येत होता. मी तिकिटाने जळगावचा आणि बोटाने धुळ्याचा. एरंडोल आलं तेव्हाच पद्मालयाच्या गणपतीला खिडकीतून हात जोडले होते. देवा, निदान तुझ्या यादीत तरी असू दे.

शेजारच्या आजोबांनी माझं बोट न्याहाळून विचारलं, “नाव शे का यादीमा?”

“तेच बघायला चाललोय, बाबा.”

आजोबांनी सुस्कारा टाकला आणि खिडकीची जागा मला दिली.

धुळ्यात जुन्या केंद्रावर नाव सापडलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण नावावर आडवा शिक्का होता: वगळले. कारण, स्थलांतर.

“कुठे झालंय स्थलांतर?” मी विचारलं.

“जळगावला.”

“जळगावला तर नाही.”

“मग वाटेत असेल,” अधिकारी शांतपणे म्हणाले.

वाटेत एरंडोल आणि पारोळा. दोन्हीकडचं मतदान आठवड्यापूर्वीच उरकलेलं. इंग्रजांनी १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. दोघांच्या मधल्या फटीत पडण्याचा मान एवढ्या वर्षांनी मला मिळाला. दाद कुठे मागणार? २०१४ साली महाराष्ट्रात अशीच नावं गायब झाली, तेव्हा निवडणूक आयुक्त हरिशंकर ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली होती. साक्षात ब्रह्माने माफी मागितल्यावर माणसाने आणखी काय मागावं?

मी शेवभाजी मागितली. हॉटेलच्या दारावर पाटी होती: ‘शाई दाखवा, सवलत मिळवा’. पूर्ण भावाने जेवलो.

४ जूनला निकाल लागला. धुळ्यात शोभा बच्छाव यांनी सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. लाखांच्या मतदानात एवढंसं अंतर! तेव्हा मंडळी, कार्डाच्या आणि पोचेच्या भरवशावर राहू नका. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेआधी साधारण दहा दिवसांपर्यंतच नावनोंदणीचा अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडतो. आजच यादी उघडा, नाहीतर १९५० वर फोन लावा. आणि नाव सापडलं, तर ते कुठल्या रकान्यात आहे तेही बघून घ्या.