आकडेवाले सर

शनिवारी खुलताबादेत भद्रा मारुतीला गर्दी लोटते, तेव्हा आमचे सर टपरीवर बसून एमएच वीसच्या पाट्या वाचत असतात. मारुतीला नमस्कार घालतात, नाही असं नाही. पण तो लांबूनच. मागे एका गाडीवर 6174 दिसलं, तर मालकाला अडवून देवळालीच्या कापरेकर मास्तरांची महती सांगितली. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करा, करत राहा, सात खेपांच्या आत 6174 वर येताच! मालकाने मुकाट्याने गाडी दुसरीकडे लावली.

असा एक मास्तर तालुक्याला असतोच. निवृत्तीनंतर कुणी शेती बघतं, कुणी पतसंस्था. हा संख्या पाळतो.

सरांची लाडकी संख्या सतरा अंकी: 12345678987654321. नऊ एके ओळीने मांडा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. सर हे पेपरच्या कडेला मांडूनच दाखवतात. ओळीखाली ओळ, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला मधल्या घरात नऊ एके सापडतात, दोन्ही टोकांना एकेकच. अंकांची बेरीज एक्याऐंशी, आणि एक्याऐंशीने भागलं तर बाकी शून्य. अशा संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. भागाकार येतो 12345679 चा वर्ग. “यात आठ कुठाय, सर?” असं कुणी विचारलं की चहा गार झालाच म्हणून समजा.

दहावा एक मात्र चारचौघांत काढायचा नाही. तो आला की हातचा आडवा येतो आणि मधली सगळी ओळ विस्कटते.

कन्नडचा घाट उतरलं की पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचं घराणं आहे. त्यांच्या ‘लीलावती’तली स्थानं सर बोटांवर मोजतात: आपली संख्या ‘मध्य’ला पोचली, परार्ध एकच घर पुढे. एवढं थोर शेजार असून सरांना एक सल आहे. कापरेकरांना या जातीच्या संख्या डोंबिवली स्टेशनात सुचल्या आणि स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं. खुलताबादला स्टेशनच नाही! “रेल्वेनं गावाचं गणित बुडवलं,” असं सर गंभीरपणे म्हणतात.

गावाला मात्र आकडा म्हणजे मटक्याचा. संध्याकाळी एकेक जण सलगीने येतो, “सर, उद्या काय येईल?” सर सतरा अंक घडाघडा म्हणून दाखवतात, माणूस पाचव्या अंकाला सटकतो. गेल्या महिन्यात एकाने तेवढंच ऐकलं की सुरुवातीला एक आणि शेवटीही एक. ओपनला एक्का, क्लोजला एक्का लावून बसला, आणि लागला! तेव्हापासून टपरीवर सरांचा चहा फुकट आहे, आणि भोवती वही-पेन घेऊन माणसं बसतात. सर परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, “गावाला हर्षद संख्यांची गोडी लागली बघ. पुढच्या शनिवारपासून भाज्यता घेतो.”