रविवार आधी आपला होता

स्टुटगार्टमधला माझा तिसरा रविवार. घरात साठलेल्या रिकाम्या बरण्या पिशवीत भरल्या आणि कोपऱ्यावरच्या, काच टाकायच्या मोठ्या डब्यापाशी गेलो. पहिली बरणी भोकातून आत सोडली. खळ्ळकन फुटली.

समोरची खिडकी उघडली. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. “आज रविवार आहे,” एवढंच म्हणाल्या. खिडकी बंद.

डब्यावर वेळा लिहिलेल्या होत्या. सोमवार ते शनिवार. उरलेल्या पाच बरण्या घेऊन चडफडत घरी आलो. एका बरणीच्या आवाजाने असं काय बिघडणार होतं?

त्याला आता नऊ वर्षं झाली. आजींचं बरोबर होतं.

जर्मनीत रविवार कॅलेंडरवर आहेच, पण तो राज्यघटनेतही आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं १३९ वं कलम त्यांनी १९४९ च्या घटनेत तसंच पुढे चालू ठेवलं. रविवार आणि सणवार हे कामातून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस आहेत, त्यांना कायद्याचं संरक्षण राहील, असा त्याचा आशय. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायची मुभा दिली, तेव्हा चर्चने कोर्ट गाठलं. १ डिसेंबर २००९ ला घटना न्यायालयाने निकाल दिला. दुकानदाराला धंदा करायचाय आणि गिऱ्हाइकाला खरेदी करायचीय, एवढ्यावर रविवार मोडता येणार नाही.

आपल्या घटनेत रविवार नाही. फुरसत मात्र आहे. कलम ४३ काढून वाचा. कामगाराला फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता येईल अशी कामाची परिस्थिती असावी, यासाठी राज्याने झटायचं आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कुणी सांगितलं होतं का?

पुण्या-मुंबईहून इथे नवा आलेला माणूस पहिली तक्रार करतो ती ठरलेली. रविवारी सगळं बंद! बेकरी काही तास उघडी, शिवाय पेट्रोलपंप आणि स्टेशनवरची दुकानं. बाकी शटर खाली. “मग दिवसभर करायचं काय?”

हा प्रश्न जरा नीट ऐका. दुकान बंद झालं की आपली सुट्टीही संपते, असं तो माणूस सांगतोय.

पुण्यात माझाही रविवार मॉलमध्ये जायचा. पार्किंगसाठी रांग, फूड कोर्टात टेबलासाठी रांग, बिलासाठी रांग. संध्याकाळी घरी येऊन आडवा व्हायचो तो दमूनच. त्याला आम्ही आराम म्हणत होतो.

इथे पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने डोंगरात नेलं. श्वेबिशे आल्ब म्हणजे शहराच्या दक्षिणेला पसरलेलं चुनखडीचं पठार. तिथल्या पायवाटा राखणारी संस्था १८८८ सालची. झाडाच्या बुंध्यावर लाल त्रिकोण दिसतो. तो शोधत पुढे जायचं, वाट चुकत नाही. या खुणा राखणारी माणसं पगारी नाहीत. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सुतार. आपल्या वाटणीच्या टप्प्यावर फिरतात, खूण गेली असेल तिथे नवी लावतात आणि घरी जातात.

आम्ही पाच तास चाललो. दुपारी कड्याच्या काठाशी गवतात बसलो. त्याने पिशवीतून काळा पाव काढला, चीज काढलं, उकडलेली अंडी काढली, मीठही पुडीत बांधून आणलेलं. तो पाव कापत होता. मी विचारलं, सोमवारच्या रिव्ह्यूचं काय करायचं? सुरी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. “ते सोमवारी,” म्हणाला आणि पुन्हा पाव कापायला लागला.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर दाखवायला जर्मन कशाला हवा? डोंगर आपल्याकडे चिकार. सोमवारचं सोमवारी, हे मला कड्याच्या काठावर बसून शिकावं लागलं.

स्टुटगार्ट शहराच्या आतच द्राक्षमळे आहेत. मळेवाल्याला आपल्या मळ्याची वाइन घरच्याच खोलीत बसवून प्यायला देता येते. वर्षातून चार महिन्यांपर्यंत, चाळीस जणांच्या बैठकीपर्यंत. दारावर खराटा टांगला की समजायचं, आज उघडं आहे. म्हणून त्या जागेलाच ‘बेझन’ म्हणतात, म्हणजे झाडू. आत लांब बाकडी. अनोळखी माणसाशेजारी सरकून बसायचं आणि तासाभरात त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून नातवाच्या लग्नापर्यंत सगळं कळतं. शिळोप्याच्या गप्पा! हा शब्द मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता. तो त्या बाकड्यावर आठवला.

सवड, उसंत, विसावा, फुरसत, शिळोपा. एवढे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या माणसाला रविवारी काय करायचं हा प्रश्न पडावा?

मुलगी सहा वर्षांची असताना इथल्या तलावावर पोहायला शिकली. पहिल्या परीक्षेत पाण्यात उडी मारायची, २५ मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची वस्तू वर आणायची. जमलं की कापडी बिल्ला, त्यावर समुद्रघोडा. आईने तो पोहायच्या कपड्यावर शिवायचा. पुण्यात आमच्या सोसायटीलाही पोहण्याचा तलाव होता. निळंशार पाणी, सभोवती आरामखुर्च्या. वर्षभरात त्यात उतरलेली माणसं मी बोटांवर मोजली असती. फ्लॅट विकताना मात्र तो जाहिरातीत पहिल्या ओळीत होता.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सुट्टीच्या गप्पा निघतात. आठ दिवसांत पाच देश. पॅरिस दीड दिवस. ॲमस्टरडॅम ‘करून टाकलं’. फोनमध्ये दोन हजार फोटो, आणि ऑफिसात परतल्यावर डोळे तारवटलेले. हे काम ऑफिसपेक्षा वेगळं कसं?

आणि रजा? इथल्या १९६३ च्या रजेच्या कायद्यात आता सहा दिवसांचा आठवडा धरून वर्षाला किमान चोवीस दिवसांची पगारी रजा आहे. बहुतेक करारांत त्याहून जास्त असते. पण त्या कायद्यातली दोन कलमं मी फोनमध्ये जपून ठेवली आहेत. एकात म्हटलंय, रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात, तर ते दिवस रजेत धरायचे नाहीत. आजारपण वेगळं, रजा वेगळी. दुसऱ्यात म्हटलंय, रजेचा हेतूच बुडेल असं पैशाचं काम रजेत करायचं नाही.

म्हणजे विश्रांती हा नुसता हक्क राहत नाही. रजा घेतलीस, आता विश्रांती घे, असं कायदा बजावतो.

आणि आपली माणसं? आगगाडीच्या दोन डब्यांमध्ये उभं राहून, एका कानात बोट घालून कॉल घेणारा माणूस मी डझनावारी वेळा पाहिलाय. बायकामुलं खिडकीशी, बाहेर आल्प्स, आणि हा “यस, यस, बाय ईओडी” म्हणतोय. बॉसने सांगितलेलं नसतं. हातातून काही निसटेल ही भीती तो पुण्याहून सामानात बांधून आणतो. ती मीही आणली होती.

मग जर्मन माणूस सगळ्यात शहाणा?

थांबा. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वरचं सगळं अर्धवट राहील.

इथे संध्याकाळी काम संपल्यावरच्या वेळेला एक शब्द आहे, फायरआबेंड. पाच वाजले की लॅपटॉप मिटतो, एकमेकांना चांगल्या फायरआबेंडच्या शुभेच्छा, आणि ऑफिस रिकामं. पण सिस्टिम रात्री चालू राहते. तिची नवी आवृत्ती शनिवारी रात्री नाहीतर रविवारी चढवायची असते, कारण तेव्हा इथले वापरणारे घरी असतात. ती कोण चढवतं?

पुण्याची हिंजवडी.

मी स्वतः चढवली आहे. इथे यायच्या आधी चार वर्षं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. स्टुटगार्टचे पाच म्हणजे आमचे साडेआठ, साडेनऊ. त्यांचा दिवस संपल्यावर त्यांचे शेवटचे ईमेल वाचून आमची खरी कामं सुरू. रविवारी कँटीन बंद, म्हणून घरून डबा. तो दुपारी सर्व्हररूमच्या बाहेर जिन्यात बसून खायचा. त्या जिन्यात बसून मला कधी विचारावंसं वाटलं नाही, की समोरच्या बाजूला आज कोण काम करतंय.

कुणीच नव्हतं. ते आल्बवर होते.

इथल्या कामाच्या वेळांच्या कायद्याने रविवारी काम करायला बंदी आहे. इस्पितळं, आगगाड्या, हॉटेलं असे अपवाद आहेत, आणि अपवादातल्यांनाही दोन आठवड्यांच्या आत बदली सुट्टी आणि वर्षात किमान पंधरा रविवार मोकळे. मोजून लिहिलंय, पंधरा. तो कायदा सरहद्दीपर्यंत पोचतो. सरहद्दीपलीकडचा रविवार विकत घेता येतो, आणि तो स्वस्त मिळतो.

जर्मन सहकाऱ्यांना हे विचारलं तर गप्प होतात. वाईट माणसं नाहीत ती, त्यांना खरंच माहीत नसतं. पण विकणाऱ्यांना तर माहीत असतं ना?

आता जरा मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्या दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या, आठवड्याच्या सुट्टीचं नाव नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. अर्ज, सभा, पुन्हा अर्ज. १८९० च्या एप्रिलमध्ये हजारो कामगार जमले, त्या सभेत बायकाही बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

जर्मनीत कारखान्यांतल्या रविवारच्या कामाला बंदी घालणारा कायदा कधीचा? १ जून १८९१ चा.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. रविवारच्या बाबतीत मुंबई वर्षभराने थोरली.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यांचा रविवार मी लहानपणी पाहिलाय. सकाळी निवांत दाढी, आरशासमोर पाऊण तास. मग बाजारातून स्वतः निवडून आणलेलं मटण. दुपारी गॅलरीत सतरंजी टाकून झोप. संध्याकाळी भजन, पखवाजाला कणीक लावायचं काम त्यांचंच. तो दिवस देवाने दिला असं मला वाटायचं. खंडोबाचा वार ना तो! कुणीतरी भांडून मिळवलाय, हे मला वयाच्या चाळिशीत, परक्या देशात बसून वाचावं लागलं.

सव्वाशे वर्षांत आपण त्या रविवारचं काय केलं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्याने दुकानं वर्षाचे सगळे दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, पण पाळीपाळीने. म्हणजे नवऱ्याची मंगळवारी, बायकोची गुरुवारी, पोराची शाळेला म्हणून रविवारी. सुट्ट्या तीन झाल्या. जेवायला एकत्र बसायचं कधी?

२०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं बोलणं देशभर गाजलं. रविवारी माणसांना कामावर बोलावता येत नाही, याची त्यांना खंत होती. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही त्यांनी विचारलं. त्या कंपनीचं मुख्यालय कुठे आहे?

मुंबईत. लोखंड्यांच्या मुंबईत.

गेल्या रविवारी दुपारी बाल्कनीत बसलो होतो. पायाशी बरण्यांची पिशवी, उद्या सकाळी टाकायची म्हणून भरून ठेवलेली. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या आजी आता नाहीत, त्यांच्या खिडकीत दुसऱ्या कुणाच्या कुंड्या आहेत. भाच्याला वाढदिवसाचा फोन लावला. तो हिंजवडीतच असतो, तेविसावं लागलं.

तिसऱ्या रिंगला उचलला. मागे एसीची घरघर, कीबोर्डचा आवाज.

“मामा, रात्री बोलू का? डिप्लॉयमेंट चालू आहे.”

“आज? वाढदिवसाला? क्लायंट कुठला रे?”

“जर्मनीचाच,” तो म्हणाला. “तुमच्याकडे आज सुट्टी ना?”