‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या सल्लागारास

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला ‘स. न. वि. वि.’ लिहायची रीत आहे. ती मी मोडतो आहे, कारण तुम्हाला नमस्कार करायची माझी इच्छा नाही. तुमचं नावही लिहीत नाही. जहाजांची आणि विमानांची मॉडेलं बांधणारे चार लोक जिथे जमतात, तिथे तुम्हाला तुमच्या एका वाक्यावरून ओळखतात : “काही होत नाही हो!”

नाशिकच्या प्रदर्शनात तुमच्या टेबलापाशी आलेला नववीतला मुलगा आठवतो का? पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस घालून त्याने १:७२ मापाचं अर्धवट मिग-२१ आणलं होतं. त्याचे आजोबा ओझरच्या विमान-कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६३ साली आपल्या हवाई दलात आलेल्या या विमानाला सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला निरोप दिला गेला. तेव्हा आजोबा दिवसभर गप्प होते, म्हणून नातवाने ठरवलं, त्यांच्यासाठी एक मिग आपण बांधायचं. त्याने तुम्हाला साधा प्रश्न विचारला : “काका, कॉकपिटवरची काच कशाने चिकटवू?”

तुम्ही म्हणालात, “सुपरग्लूचे दोन थेंब. काही होत नाही.”

काय झालं ते आता ऐका. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ सुटते. हवेतल्या ओलाव्याने ती वाफ घट्ट होते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बुरशी धरावी तशी बसते. बोटांचे ठसे असतील तिथे तर आधी बसते. पोलीस गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तूंवरचे ठसे याच वाफेने उठवतात. बंद कॉकपिटमध्ये तिला बाहेर पडायला वाट नसते. मुलाने रात्री काच बसवली आणि सकाळी ती आतून दुधाळ झालेली होती. आजोबांनी विमान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “अरे, पायलटला बाहेरचं दिसणार कसं?” मुलाने विमान पुन्हा खोक्यात ठेवलं आणि तीन आठवडे बाहेर काढलं नाही.

चूक कुणाकडूनही होते. मीही चुकीचे सल्ले दिले आहेत आणि मागे घेतले आहेत. तुमच्यावरचा माझा आरोप वेगळा आहे. मुलगा गेल्यावर मी तुम्हाला टोकलं, तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, “अरे, माझ्यासुद्धा दोन काचा अशाच गेल्या होत्या. शिकेल आपोआप.” म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दोन काचा गमावून मिळवलेलं ज्ञान तुमच्या खिशात होतं, आणि समोर उभ्या पोराला तुम्ही ते दिलं नाही. याला मी अज्ञान म्हणणार नाही. हा कंजूषपणा आहे, आणि या छंदात त्याहून मोठा गुन्हा मला माहीत नाही.

त्याला सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. काच फेव्हिकॉलने चिकटवायची. तो सुकल्यावर पारदर्शक होतो, वाफ सोडत नाही, आणि जास्तीचा ओल्या फडक्याने पुसता येतो. प्लॅस्टिकच्या अंगाला प्लॅस्टिकचं सिमेंट वापरायचं, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. सुपरग्लू ठेवायचा धातू आणि रेझिनच्या भागांसाठी. तीन गोंद, तीन कामं. एवढंच.

तुमचा दुसरा सल्लाही त्याने पाळला. रंगाचा हात दिल्यावर लगेच डिकॅल, म्हणजे खुणांच्या पातळ चिकटफिल्म, लावले, कारण “वर वार्निश मारलं की सगळं बसतं, काही होत नाही.” मॅट रंग डोळ्यांना सपाट दिसतो, पण असतो खरखरीत. त्या खड्ड्यांमध्ये डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेची पारदर्शक फिल्म चंदेरी चमकायला लागते. वरून कितीही वार्निश मारलं तरी ती हवा जात नाही. म्हणून आधी चकचकीत वार्निश, ते पक्कं सुकल्यावर डिकॅल, आणि सगळ्यात शेवटी मॅट थर. क्रम बदलला की पंखावरचं तिरंगी वर्तुळ नुसतं वरून चिकटवलेलं स्टिकर दिसतं.

“एवढं कोण बघतंय?” हा तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. मापच बघतं. खऱ्या मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, १:७२ मध्ये तो जेमतेम १० सेंटिमीटर होतो. या मापात पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १८ मिलिमीटर. पत्र्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट घेऊन ते विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं असतं का? ज्यांनी ते पत्रे जुळवले त्यांतल्या एकाच्या हातात हे मॉडेल जाणार होतं. त्याला लगेच कळतं.

जहाजांच्या बाबतीतही तुमची तीच तऱ्हा. आपल्यातले एक निवृत्त शिक्षक एचएमएस त्रिंकोमाली बांधत होते. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ही फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. सरांनी विचारलं, फळ्या कशा चढवू? तुम्ही म्हणालात, एक बाजू पुरी करून टाका, मग दुसरी. ओल्या केलेल्या पट्ट्या सुकताना आकसतात आणि सगळ्या बरगड्या आपल्याकडे ओढतात. त्यामुळे एक फळी डावीकडे, तशीच एक उजवीकडे, असं जोडीने जायचं. नाळेकडे जागा कमी होते, म्हणून प्रत्येक फळी तिथे निमुळती करायची. सरांच्या जहाजाचा कणा पिळवटला. सात महिन्यांचं काम त्यांनी पुन्हा पहिल्या बरगडीपासून सुरू केलं, आणि तुम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या वतीने मी बोलतो आहे.

रेझिन कोरडंच घासा, मास्क कशाला, असंही तुम्ही एकाला सांगितलंत. ती बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते. रेझिन पाण्याखाली घासायचं आणि मास्क लावूनच घासायचं. काच बदलता येते. फुफ्फुस बदलता येत नाही. इथे तुमचं ‘काही होत नाही’ ऐकून मला राग आला नाही, भीती वाटली.

आपल्याला जे येतं ते आलं कुठून, याचा कधी विचार केलात? स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या दांडीचा, तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ताणला की केसासारखी तार निघते आणि जहाजाची अँटेना होते. हे पहिल्यांदा कुणीतरी बोटं भाजून घेत शोधलं आणि शेजाऱ्याला सांगितलं. दोरखंडाचा धागा मेणातून ओढला की त्याची लव बसते, हेही असंच हातोहात आलं. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्या डेकवरून आता कुणीही चालू शकणार नाही. ती कशी होती हे पुढच्या पोरांनी कशात बघायचं? फोटोंत, आणि कुणीतरी नीट बांधलेल्या मॉडेलांत. ते नीट बांधायची विद्या तोंडातून तोंडी जाते, आणि वाटेत तुमच्यासारखा एक जण उभा असला की तिथेच तुटते.

त्या मिगचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मुलाला मी घरी बोलावलं. काच हळूच सोडवली, २००० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने आतून घासली, मग त्याहून बारीक कागदाने, मग टूथपेस्टने. चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून, धूळ बसू नये म्हणून रात्रभर वाटीखाली झाकून ठेवली. सकाळी तिच्यातून आरपार दिसत होतं. फेव्हिकॉलने ती बसवली मुलानेच.

पुढच्या प्रदर्शनात विमानाशेजारी त्याने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी ठेवली : ‘माझी काच आधी पांढरी झाली होती. सुपरग्लू लावू नका. कशी साफ केली ते विचारा, सांगतो.’ दिवसभर त्याच्याभोवती मुलांची गर्दी होती. आजोबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते.

तुम्ही त्या टेबलासमोरून दोनदा गेलात. मी पाहिलं. चिठ्ठी वाचलीत आणि थांबला नाहीत. पुढच्या वेळी थांबा. त्या मुलाला सांगा की तुमच्याही दोन काचा गेल्या होत्या. त्या दिवशी मी तुम्हाला नमस्कार करेन, आणि पुढचं पत्र ‘स. न. वि. वि.’ने सुरू करेन.

तुमच्या शेजारच्या टेबलावरचा,
एक मॉडेलकार