तंबाखू लागते तेव्हा

ऊन लागतं, दृष्ट लागते, सुपारी लागते, तशी तंबाखूही लागते. हे ऐकून लहानपणापासून माहीत होतं. अनुभव यायला मात्र वयाची साठी आणि इंग्लंडातलं केंडल गाव लागलं.

केंडल हे उत्तर इंग्लंडात, तिथल्या सरोवरांच्या प्रदेशाच्या वेशीवर आहे. इकडे पुण्यात महादजी शिंदे फर्मानबाडीचा दरबार भरवत होते त्याच १७९२ साली तिकडे तपकिरीचा कारखाना निघाला. तेव्हापासून तंबाखूवाल्यांच्या जगात केंडलला आपल्याकडच्या निपाणीचा मान आहे. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या माझ्या मित्रानं तिथून एक वेटोळं आणलं. पानं पिळून वळलेली दोरी, अंगठ्याएवढी जाड, काळीकुळकुळीत आणि हाताला तेलकट. डांबरात बुडवलेलं सुंभच म्हणा. “जपून ओढ,” तो म्हणाला. तीस वर्षं पाइप ओढणाऱ्याला हे सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला ‘काठावर शेवाळ आहे हं’ म्हणण्यासारखं. मी हसलो.

आता कबूल करायला हरकत नाही, की त्या तीस वर्षांतली निम्मी मी व्हॅनिला आणि चेरीच्या वासाच्या तंबाखूत काढली होती. ती तंबाखू कसली, शिराच तो. मग काही वर्षं लटाकियाचा नाद लागला. ही पानं धुरावर धरलेली, त्यामुळे मी पाइप पेटवला की वरच्या मजल्यावरून “कुठे काही जळतंय का?” अशी विचारणा ठरलेली. पण वासावर जाऊ नये. निकोटीनच्या हिशोबात लटाकिया अगदी गरीब. आमचे एक काका आवाजानं वाडा दणाणून सोडत आणि काकू बाहेर आल्या की पेपरात तोंड घालत, त्यातली गत. जहाल माल बहुधा मुकाट असतो.

तर रविवारची सकाळ. पोटात नुसता चहा. दोरी सुरीला दाद देईना म्हणून आईचा अडकित्ता काढला. चार आण्याच्या नाण्याएवढ्या सुरेख चकत्या पडल्या. त्या तळहातावर चोळून मोकळ्या करायच्या आणि तासभर कागदावर सुकू द्यायच्या, हे ज्ञान माझ्यापाशी होतं. धीर दहा मिनिटांचा होता. ओलसर तंबाखूनं चार काड्या खाल्ल्या, पाचवीला पेटली. जुनं चामडं, गोवरीचा धूर, मागून थोडी काकवी, असा काहीसा वास. बाकी काहीच नाही! ‘एवढंच होय’ म्हणत मी जोर लावला. पाइप अर्ध्यावर आला आणि कपाळाला घाम फुटला. मग उचकी. मग मी बसलो होतो तो झोपाळा थांबलेला असूनही हलतच राहिला. बायको बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, “लागली ना?” आणि हातावर गुळाचा खडा ठेवून आत गेली. पाइपवाल्यांमध्येही यावर पिढ्यान्‌पिढ्या साखरच सांगतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी धूर छातीत घेतच नाही” ही आम्हा पाइपवाल्यांची ठेवणीतली सबब. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, त्यामुळे त्याला छातीत उतरावं लागतं. या काळ्या तंबाखूचा धूर अल्कलीकडे झुकतो, आणि त्यातलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात शिरतं. आजोबा तळहातावर तंबाखूला चुना लावून मळत त्यातलं मर्मही हेच. चुन्यानं निकोटीन मोकळं होतं. त्यांच्या चंचीच्या एका कप्प्यात रसायनशास्त्र होतं आणि आम्ही ते व्यसन समजत होतो. (व्यसन होतंच. पण नुसतं व्यसन नव्हतं.)

त्या रविवारपासून मी ओढणारा कमी आणि साठवणारा जास्त झालो. एक चकती पंधरा दिवस पुरवायची म्हटल्यावर वेटोळं ठेवायचं कुठे हा प्रश्न आलाच. शेरलॉक होम्स तंबाखू इराणी सपातेच्या चवड्यात ठेवायचा. तो मोठा माणूस, पण पुण्याच्या मे महिन्यात त्या तंबाखूचा भुगा झाला असता. मी आजीची चिनी मातीची बरणी काढली, तीनदा धुतली, उन्हात तापवली, दट्ट्या बसवला, वर दादरा बांधला. महिन्यानं पाइप पेटवला तर पहिल्या झुरक्याला हिंग आला, दुसऱ्याला मेथी. चाळीस वर्षांचं कैरीचं लोणचं त्या बरणीच्या चिरांमधून माझ्यावर सूड उगवत होतं. पुढे कुणीतरी सांगितलं, ओलाव्यासाठी बटाट्याची काप टाक. श्रावणात झाकण उघडलं तेव्हा आत पांढरी दाढी उगवली होती. हल्ली रबरी कडीची काचेची बरणी आहे. आत काही टाकायचं नाही, उन्हात ठेवायची नाही, आणि मुख्य म्हणजे सारखी उघडून बघायची नाही. आजी लोणच्याबद्दल नेमकं हेच ओरडायची.

आणि लोणच्याशी तुलना मी उगाच करत नाही. अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात पेरिक नावाची तंबाखू होते. शिरा काढलेली पानं व्हिस्कीच्या जुन्या पिपांत ठासतात, वरून दाब देतात आणि सुटलेल्या रसातच ती जवळपास वर्षभर मुरतात. मध्येमध्ये बाहेर काढून, वारा देऊन पुन्हा ठासायची. अंजीर आणि शिरक्याचा वास येतो. इतकी कडक, की मिश्रणात चिमूटभरच घालतात. ताटात डावीकडे वाढायची चीज.

गेल्या दिवाळीत निपाणीकडचे बापूमामा आले. वय ब्याऐंशी, कमरेला चंची. मी बरणी दाखवली, रविवारची कथाही सांगितली. मामांनी वेटोळं नाकाशी नेलं, नखानं कोपरा तोडला, चुना लावला, मळलं, दोन टाळ्या दिल्या आणि गालात धरलं. मी गुळाच्या डब्याकडे बघून ठेवलं. मामा केळवणाला कोण कोण आलं होतं ते सांगत राहिले. दहा मिनिटं गेली.

“कशी आहे मामा?”

“बरी हाय की. चुनाच जरा लागतोय.”

मग त्यांनी चंची उलगडली आणि स्वतःच्या तंबाखूची चिमूट कागदात बांधून माझ्यापुढे सरकवली.

“ही ठेव बरणीत. आन् दादरा घट्ट बांध लेका, न्हाईतर शेजारच्या लोणच्याला लागंल.”