चालती गाडी सुधारताना

माझी कॉन्टेसा वडिवळ्यात आली तेव्हा बोरघाट हसत चढत होती. आधीच्या मालकानं तिच्यात कुठल्याशा पिकअपचं डिझेल इंजिन घातलं होतं. आवाज ट्रॅक्टरचा, पण ओढ जबरदस्त. ती ओढ काढून टाकायला मी पैसे मोजले.

कारण तिचं घराणं. लुटनच्या वॉक्सहॉल कंपनीची १९७२ ची व्हिक्टर पुढे व्हीएक्स झाली. त्यातली व्हीएक्स ४/९० ही तेज बहीण: २३०० सीसी, दोन कार्बुरेटर, शंभरावर अश्वशक्ती. तिकडे उत्पादन थांबल्यावर हिंदुस्थान मोटर्सनं साचे उचलून उत्तरपाड्याला आणले. पत्रा आला, लांबलचक बोनेट आलं, इंजिन मात्र तिकडेच राहिलं. त्या जागी अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं बसलं. अश्वशक्ती पन्नासेक; घोडेच, पण वरातीतले. याच इंजिनाच्या भावंडानं एमजीए नावाच्या स्पोर्ट्स गाडीत नाव काढलं होतं म्हणा, पण तिच्यात माणसं बसत दोन. कॉन्टेसात बसायचा मंत्री, त्याचा पीए, त्याचा बॉडीगार्ड, आणि डिकीत सत्काराचे नारळ.

तेव्हा खोपोली सोडली की जाणता ड्रायव्हर आधी एसी बंद करी, मग काचा खाली घेई आणि शिंग्रोबापाशी नाणं टाकी. साहेबाला घाटाची वाट या धनगरानं दाखवली, असं सांगतात. साहेबाच्या गाडीला वर पोचवण्याची जबाबदारीही मग ओघानंच त्याच्याकडे आली.

पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाचवा गिअर आला, आणि कॉन्टेसावाल्यांत दोन जाती पडल्या. माझं आरसी बुक खालच्या जातीचं. त्यात स्पष्ट ‘पेट्रोल’ लिहिलंय, त्यामुळे आरटीओसुद्धा माझ्या शुद्धीकरणाच्या बाजूनं.

विरोधात एकटा कामशेतचा मिस्तरी.

“काका, चालतं इंजिन काढायचं?”

“ओरिजिनल करायचीय रे.”

“ओरिजिनल चढत न्हवती.”

“माहितेय.”

त्यानं माझ्याकडे नाही, आमच्या घरच्यांकडे पाहिलं. घरच्यांनी चहा टाकायला आत जाणं पसंत केलं.

पुण्यातला एक शुद्धतावादी मित्र मात्र दर आठवड्याला फोनवरून धीर देतो. त्याच्याकडे स्वतःची जुनी गाडी नाही, मतं आहेत. आरशाचा स्क्रूसुद्धा त्या काळचाच हवा, असं त्याचं म्हणणं. म्हणून बुधवारी नाहीतर रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसलेला असतो. तिथली गंमत अशी, की इंजिनाचं काहीही मागा, अँबॅसेडरच्या कृपेनं समोर येतं: पिस्टन, गॅस्केट, डेल्को. पण मागच्या दिव्याची लाल काच? दाराचं बीडिंग? दुकानदार आधी हसतो आणि मग भाव सांगतो. हृदय हातगाडीवर मिळतं, भुवई मिळत नाही.

त्यात मावळचा पाऊस. इंद्रायणी भाताला तो मानवतो, पत्र्याला नाही. दाराचा खालचा काठ बोटानं दाबला की बोट आत जातं. टिंकरिंगवाला एक दार दुरुस्त करेपर्यंत दुसरं दार नंबर लावतं. पुटी भरून काम भागवू का, असं त्यानं एकदा विचारलं. मित्राला कळवलं, तर त्यानं फोनच ठेवला.

सरकारकडूनही प्रोत्साहन नाही. २०२१ च्या नियमानुसार पन्नाशी उलटल्याशिवाय गाडी व्हिंटेज होत नाही. पहिलीवहिली कॉन्टेसा १९८४ ची धरली, तरी तिलाही हा मान २०३४ च्या आधी नाही. तोवर ती नुसती म्हातारी. मानपान काही नाही, ग्रीन टॅक्स तेवढा आहे.

अखेर गेल्या महिन्यात एका निवृत्त टॅक्सीचं पेट्रोल इंजिन मिळालं आणि बसलं. मिस्तरी, मी आणि आळीतले आबा असे लोणावळ्याच्या दिशेनं निघालो. सपाटीवर गाडी अशी काही तरंगली, की आबांनी मंत्र्यासारखा हात बाहेर काढला. मग चढ लागला. मी तिसरा टाकला, दुसरा टाकला. मागून भाजीचा टेम्पो आला, हॉर्न न वाजवता, जवळजवळ सहानुभूतीनं, पुढे गेला.

मिस्तरीनं बोनेटखालच्या आवाजाकडे कान लावला आणि समाधानानं मान हलवली.

“झाली बघा काका, एकदम ओरिजिनल.”